कॅटचा क्लास लावताय? आलेला मेसेज आधी वाचा

कुडाळात एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या नावाखाली मला कसं लुटलं ते लिहितेय. क्लासचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे.

पद्धत नेहमीचीच. फुकट सेमिनार, मग 'स्कॉलरशिप टेस्ट', तीत सगळेच पास. फी ८५,०००, मला म्हणे सूट २०,५००. उरले ६४,५००. त्यातले ४,५०० बाबांनी काजू बी विकून आणलेले, रोख दिले. पावती साध्या कागदावर, शिक्कासुद्धा नाही. (पक्की पावती मिळाल्याशिवाय रोख देऊ नका.) बाकीचे ६०,००० 'बिनव्याजी हप्त्यांत', महिना ५,०००.

आणि इथेच सगळं झालं. मॅडमनी माझा फोन हातात घेतला. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी, धडाधड. मेसेज आला: 'आपले ६०,००० रुपयांचे कर्ज मंजूर.' मी विचारलं, "मॅडम, हे लोन कसलं?" त्या हसल्या, "अगं, सिस्टीमची भाषा असते ती." शेजारी बाबा, मागे दोन मुली खोळंबलेल्या. अशा वेळी कोण वाद घालतं? आजी आता येता-जाता ऐकवते, "वाचूक येता ना गो तुका?" येतं की! वाचलं, विचारलंही. समोरची तोंडावर खोटं बोलली त्याला मी काय करू?

फायनान्स कंपनीने क्लासला ६०,००० एकरकमी दिले. 'पुण्याचे सर' कधी आलेच नाहीत, नुसते रेकॉर्डेड व्हिडिओ. मॉक टेस्ट तर कॅटच्या अधिकृत साइटवर फुकट असते. गणपतीच्या सुट्टीनंतर, ऐन फॉर्म भरायच्या दिवसांत, शटर उघडलंच नाही. हप्ते मात्र कापले जातातच. चार हप्त्यांचे २०,०००, एक बाउन्स झाला त्याचे ५९०, रोख ४,५००. गेले २५,०९०, आणि ४०,००० अजून मानगुटीवर.

'९९ पर्सेंटाइलची गॅरंटी' कोणी दिली तर तिथूनच उठा. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या मागे. बाकीच्यांचे पेपर कसे जातील याची गॅरंटी हा कोण देणार?

पोलीस म्हणाले, ओटीपी तुमचा, सही तुमची, दिवाणी मामला आहे. सायबरवाले म्हणाले, दुकान गावातच होतं ना, मग ठाण्यात जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर तिथेही तेच, ठाण्यात जा. फायनान्स कंपनी म्हणते, क्लासशी आमचा संबंध नाही. मग तुमचं अ‍ॅप त्या मॅडमच्या टेबलावर कसं? क्लास सोडला तर उरलेली फी दहा दिवसांत परत द्यावी, असं केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मी प्रिंट काढून ठाण्यात नेली. साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

डिजिटल कर्जातून सुरुवातीला दंडाशिवाय बाहेर पडायची मुदत असते, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. हे मला सांगणार कोण, त्या मॅडम?

ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केलीय; भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. कणकवली-सावंतवाडीकडचं कोणी त्याच क्लासात अडकलं असेल तर कर्जाचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि मला कळवा.