नव्वद दिवस मोजायचे कसे? शेंगेन, ब्रिटन, अमेरिका, जपान आणि व्हिएतनाम

'परदेशात राहायला नव्वद दिवस मिळालेत, म्हणजे तीन महिने झाले की', असं म्हणून लोक तिकीट काढतात आणि तिथेच फसतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे तीन महिने खरे, पण दिवस भरतात ९२. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, हे वरचे दोन दिवस अंगाशी येतात. ब्रिटनमध्ये मुदत महिन्यांत असते, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. अमेरिकेत दिवस किंवा महिने मोजत बसण्यापेक्षा एक तारीख पाळायची असते. वर्षातून एकदा जाऊन सलग राहायचं की तीन-चार फेऱ्या करायच्या, हे ठरवत असाल तर तिकिटाच्या दरांआधी त्या देशाची मोजणी समजून घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ शेंगेनचा, म्हणून तिथे जरा थांबू. नियम एका ओळीचा आहे: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. यात 'कोणत्याही' या शब्दात सगळी मेख आहे. ऑक्टोबर २०१३ पर्यंत पहिल्या प्रवेशापासून सहा महिने धरायचे आणि मग नवं पान उघडायचं, अशी रीत होती. आता ती गेली. तिथे असताना रोज, तो दिवस धरून, मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. १ जानेवारीला काही कोरं होत नाही. एक दिवस बाहेर जाऊन परत आल्यानेही होत नाही. २९ देश मिळून खातं एकच, त्यामुळे पॅरिसहून झुरिकला गेलात तरी मीटर चालूच. आयर्लंड मात्र युरोपीय संघात असूनही या खात्यात येत नाही.

एक उदाहरण कागदावर मांडू. २०२६ मध्ये एक जण १० जानेवारी ते ८ फेब्रुवारी राहिला: ३० दिवस. मग १ एप्रिल ते ३० मे: ६० दिवस. नव्वद संपले. आता तो परत कधी जाऊ शकतो? ९ जुलैला. कारण त्या दिवशी मागच्या १८० दिवसांची खिडकी ११ जानेवारीपासून सुरू होते आणि १० जानेवारीचा दिवस हिशेबातून गळतो. पुढे रोज एक नवा दिवस भरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीतला एक जुना गळतो, म्हणून ७ ऑगस्टपर्यंत त्याला राहता येतं. ८ ऑगस्टला मात्र गळायला काहीच उरत नाही, कारण फेब्रुवारीच्या उरलेल्या दिवसांत आणि मार्चमध्ये तो तिथे नव्हताच. एप्रिलचे दिवस गळायला लागतात थेट २८ सप्टेंबरला. बोटांवर हे जमत नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे, ते वापरा. सलग ९० दिवस बाहेर काढले तर मात्र डोकं लावायची गरजच नाही, पूर्ण ९० परत मिळतात.

शेंगेनमध्ये रात्री नाही, दिवस मोजतात. आत आल्याचा दिवस धरतात आणि बाहेर पडल्याचाही. रात्री ११:५० ला शिक्का बसला तरी पूर्ण एक दिवस गेला. पूर्वी पुसट शिक्क्यांमुळे अधिकाऱ्यांनाही हिशेब लावत बसावं लागायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकावर नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे 'कोण बघतंय' ही भाबडी आशा सोडलेली बरी. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. स्टिकरवरचा वैधतेचा काळ आणि राहण्याचे दिवस हे दोन वेगळे रकाने असतात. वैधता महिन्याची आणि दिवस १५, असं सर्रास असतं. जे आधी संपेल ते खरं.

ब्रिटनची पद्धत साधी दिसते, पण तिच्यात मोकळी जागा फार. साधारण भेटीला एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. वर्षात एकूण किती, याचा ठरलेला आकडा नियमात नाही. म्हणून सहा महिने राहा, पंधरा दिवस बाहेर जा, पुन्हा सहा महिने राहा, असं कोणी सुचवतं. ते ऐकू नका. वारंवार येऊन हा माणूस इथेच संसार थाटतोय असं सीमेवरच्या अधिकाऱ्याला वाटलं, तर तो प्रवेश नाकारू शकतो. आकडा नसला की निर्णय माणसाच्या हातात जातो, आणि मला स्वतःला त्यापेक्षा शेंगेनचा रुक्ष हिशेब परवडतो. शिवाय सहा महिन्यांच्या व्हिसावर दोन महिने उशिरा पोचलात तर चारच महिने उरतात. दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसा असेल तरी एका खेपेची मर्यादा सहा महिनेच.

अमेरिकेत व्हिसावरची तारीख आणि राहण्याची मुदत यांचा संबंध नाही, हे एकदा मनावर कोरून घ्या. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं दार ठोठावायची परवानगी. किती राहायचं ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीतली तारीख सांगते. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात, पण ठरवतो अधिकारी. विमानतळावरून बाहेर पडल्यावर ही नोंद ऑनलाइन उघडून बघा. व्हिसाशिवाय ९० दिवसांच्या सवलतीवर जाणाऱ्यांनी कॅनडा किंवा मेक्सिकोची छोटी चक्कर मारून घड्याळ शून्यावर येईल असं समजू नये. ते दिवस त्याच नव्वदांत मोजले जातात. चूक इथे महागात पडते: १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी.

जपानमध्ये उतरल्याचा दिवस धरत नाहीत. १ जानेवारीला ९० दिवस मिळाले तर मुदत १ एप्रिलपर्यंत, तर शेंगेनमध्ये तोच माणूस ३१ मार्चला बाहेर हवा. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर सुरुवात आणि शेवट या दोन्ही तारखा छापलेल्या असतात. उशिरा गेलात तर तेवढे दिवस बुडाले.

मग कोणता देश निवडायचा? मुलांकडे एकदाच जाऊन चार-पाच महिने राहायचं असेल, तर शेंगेनच्या अल्पमुदतीत ते बसतच नाही. त्या एका देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढा, त्यावरचे त्या देशातले दिवस नव्वदांत धरत नाहीत. ब्रिटन किंवा अमेरिकेत हाच मुक्काम साध्या भेटीत बसतो. वर्षभरात छोट्या फेऱ्या असतील तर मात्र शेंगेनसारखं चांगलं काही नाही, कारण तिथे आपलं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. दोन्हींची सांगडही घालता येते. वरच्या उदाहरणातल्या माणसाला ७ ऑगस्टला शेंगेन सोडायचं आहे आणि २८ सप्टेंबरला परत जाता येतं. मधले ५१ दिवस ब्रिटनमध्ये काढायला हरकत नाही, फक्त तिथला व्हिसा लागत असेल तर तो आधीच हातात हवा.