प्रवासासाठी जुन्या जॉर्जेट साड्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या छापील पॉलिएस्टर जॉर्जेटच्या साड्या मी गेले काही महिने प्रवासात नेसते आहे. सगळ्या आत्याच्या कपाटातल्या, बहुतेक सुरतेकडच्या. एकीच्या टोकाला ‘गार्डन वरेली’ या साड्यांच्या ब्रँडचा शिक्का अजून वाचता येतो. कोकण रेल्वे, एसटी, थंडीतली दिल्ली, सगळीकडे नेल्या. दोन-चार दिवसांच्या प्रवासाला याहून सोयीची साडी मला तरी मिळालेली नाही.

साडेपाच मीटरची साडी गुंडाळी केली की पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत बसते. रात्रभर बॅगेत दबलेली साडी सकाळी झटकायची आणि नेसायची. पॉलिएस्टरचं कापड गिरणीतच उष्णता देऊन पक्कं केलेलं असतं, म्हणून ते चुरगळलं तरी सरळ होतं. त्यात जॉर्जेटच्या धाग्याला भरपूर पीळ असतो; पोत किंचित खरखरीत होतो, त्यात बारीकसारीक चुण्या दिसतच नाहीत आणि कापड अंगापासून जरा सुटं राहतं. त्याच काळातल्या गुळगुळीत नायलॉनच्या साड्याही नेसून पाहिल्या. त्या अंगाला चिकटतात, प्रवासाला नकोतच.

धुणं अगदी सोपं. सूत हवेतून स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. रात्री लॉजच्या बादलीत खळबळून, न पिळता दोरीवर टाकली की सकाळी कोरडी. गरम पाणी मात्र टाळा. ७०-८० अंशांच्या आसपास हा धागा मऊ पडतो आणि तेव्हा पडलेली चुणी सहजी जात नाही. रंग अजून इतके ताजे आहेत की लोक थांबवून विचारतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

ओलावा न धरण्याची दुसरी बाजू म्हणजे घाम. मे महिन्यात रत्नागिरीला दुपारी ही साडी नको वाटते. ब्लाऊज सुतीच हवा, ‘टू बाय टू’ नावाच्या ब्लाऊजच्या कापडाचा. तेलकट घामाचा वास या धाग्यात बसतो, म्हणून साडी त्याच दिवशी धुवावी. दिल्लीच्या कोरड्या थंडीत निऱ्या परकराला चिकटून चरचरत होत्या. सुती परकर घातला आणि त्यावरून ओलसर हात फिरवला की त्रास कमी होतो. गॅसजवळ ही साडी कधीच नेसू नका: पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

जुनी साडी घेताना आधी फॉल, म्हणजे खालच्या कडेला आतून शिवलेली पट्टी पाहा. सुती फॉल धुऊन आटतो, साडी आटत नाही, मग खालची कड गोळा होते. फॉल उसवून सिंथेटिक लावला की साडी पुन्हा नीट पडते. मग खांद्यावर येणारा भाग उजेडासमोर धरा. पिनांच्या भोकांपासून धागे सरकले असतील तर ती साडी घेऊ नका. तिथे रफू टिकत नाही.