११ महिने, ७७ चकरा आणि तो प्रेस्टा व्हॉल्व्ह

परवा सायकल घेऊन दुकानात गेलो होतो, तिसरी फ्री सर्व्हिस करायला. काउंटरवरच्या पोराने कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, सर तीन सर्व्हिस सहा महिन्यांत करायच्या असतात, तुमची मुदत गेली. म्हणलं अरे पण सायकल चाललीच नाही तर सर्व्हिस कशाची करणार होतो? तर म्हणे ते आम्ही बघत नाही, सिस्टिममध्ये तारीख असते. पैसे भरून करून घ्यायचा आग्रह चालला होता, मी सायकल तशीच वळवली आणि घरी आलो. येताना ठरवलं की आता लिहायचंच.

सायकल कुठली ते नाव लिहीत नाही, २६,५०० ची हायब्रिड (म्हणजे रोड आणि माउंटन सायकलची मधली, बॅटरीची नाही) आहे, २१ गिअर, डिस्क ब्रेक, बाकी स्पेक सगळीकडे आहेत ते बघून घ्या. फ्रेम चांगली, गिअर बरे पडतात, सीट पहिले दोन आठवडे त्रास देते मग आपलं बूड शहाणं होतं. माझी तक्रार सायकलबद्दल नाही. म्हणजे आहे, पण चाकात हवा भरायच्या व्हॉल्व्हबद्दल.

आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहायची पद्धत आहे. दसऱ्याला सायकल आली तेव्हा बायको म्हणाली, त्याच चौकोनात सायकल चालवली की 'सा' लिही, बघू किती दिवस टिकतंय. मी पण जिद्दीने लिहिलं. ऑक्टोबरचे उरलेले दिवस ९, नोव्हेंबर ११ (एकदा खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले), डिसेंबर ७, जानेवारी ६, फेब्रुवारी ३, मार्च १. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत चौकोनात फक्त दूधवाल्याचे खाडे, माझा एकही 'सा' नाही. एकूण ३७.

जूनच्या शेवटी हिशोब केला तो करायला नको होता. सायकल २६,५००, हेल्मेट १,८००, पुढचा-मागचा दिवा ६५०, कुलूप ४५०, बाटलीचा पिंजरा २५०, आणि एक ट्यूब ५५० (ती भानगड पुढे सांगतो). ३०,२०० भागिले ३७, म्हणजे एका चकरेला ८१६ रुपये! कोथरूडहून रिक्षाने लोणावळ्याला जायचे पैसे नाहीत हे, पण त्या दिशेने बरंच लांब गेलो असतो.

आता व्हॉल्व्ह. या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे, बारीक लांब दांडी आणि टोकाला छोटी चकती. हवा भरायच्या आधी ती चकती फिरवून सैल करायची, एकदा दाबून फुस्स करायचं, मग पंप लावायचा. घेताना हे कोणी सांगितलं नाही. पेट्रोल पंपावर गेलो तर तिथली नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हसाठी असते, ती यावर बसतच नाही. पंक्चरवाल्याकडे जो साध्या सायकलचा पंप असतो त्याचं तोंडही नीट धरत नाही. डिसेंबरमध्ये एका पंक्चरवाले काकांनी माझ्यासमोर पकडीने ती दांडीच वाकवली, बिचारे मदतच करत होते, "असलं पहिल्यांदाच बघतोय" म्हणाले. दुकानाने सांगितलं ट्यूबला वॉरंटी नसते, गेले ५५०.

आणि या बारीक टायरची गंमत अशी की जाड टायरपेक्षा यात हवा थोडी आणि प्रेशर जास्त लागतं, ७०-८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), त्यामुळे सायकल नुसती उभी असली तरी दोन आठवड्यांत बोटाने दाबलं की टायर आत जातो. रबरातून हवा हळूहळू निसटतच असते, पंक्चर असायची गरज नाही. म्हणजे होतं काय, रविवारी सहाला उठायचं, बाल्कनीत जायचं, टायर दाबायचा, हवा नाही, आता पंप कुठून आणायचा, चहा घे आणि पेपर वाच. हवा नाही म्हणून चालवत नाही आणि चालवत नाही म्हणून हवा कोण बघणार. माझे तीन कोरे महिने या एका दांडीने खाल्ले असं माझं ठाम मत होतं आणि जूनमध्ये रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता.

मग कळलं की ६० रुपयांत पितळेचा एक अडॅप्टर मिळतो, शर्टाच्या बटणाएवढा. प्रेस्टावर फिरवून बसवला की मोटारसायकलची कुठलीही नळी चालते. साठ रुपये! साडेसव्वीस हजारांच्या वस्तूबरोबर साठ रुपयांचा तुकडा देता येत नाही? किमान तोंडाने सांगता येत नाही? किल्लीच्या रिंगला लावून फिरतोय आता, दोन ऑफिसवाल्यांना दिला पण वापरायला. तरी पेट्रोल पंपावर हात जपून, ती हवा भसकन येते, टायर फुटेल. शेवटी ११०० चा उभा पंप घेतलाच.

इथपर्यंत लिहिलं आणि कॅलेंडर परत काढून बघितलं तर एक गोष्ट जुळेना. अडॅप्टर आणि पंप जुलैच्या पहिल्या आठवड्यात आले, पण 'सा' सुरू होतात १५ जुलैनंतर. मधल्या काळात हवा टम्म असूनही सायकल वरच होती. १५ ला काय झालं, तर आमची लिफ्ट बंद पडली. एक दिवस हवा बघायला सायकल खाली नेली होती, वर येताना लिफ्ट बंद, चौथ्या मजल्यावर कोण उचलून नेणार, जिन्याखाली कुलूप लावून ठेवली. लिफ्ट १२ दिवस बंद होती, आणि त्यात सायकल ८ वेळा बाहेर पडली. दूध, कोथिंबीर, इस्त्रीचे कपडे, वनाझ मेट्रो स्टेशन. म्हणजे व्हॉल्व्ह चोर होताच, पण मोठा चोर आमची बाल्कनी. तिथे सायकल म्हणजे पायपुसणी वाळत घालायची दांडी झाली होती.

ऑगस्टमध्ये १७, या महिन्यात आतापर्यंत १५. तेही पावसाळ्यात! मला वाटायचं ऊन-पावसामुळे राहतं, पण दोन किलोमीटर जायला पुण्याची भुरभुर आड येत नाही, पाठीवर उडणारी चिखलाची पट्टी आड येते. कारण मडगार्ड नाही. स्टँड नाही. कॅरिअर नाही. "स्पोर्टी लूक" म्हणे. कॅरिअर जुना ४००, स्टँड ३५०, मागचं मडगार्ड ३००, सगळं बसवल्यावर सायकल वडिलांच्या सायकलसारखी दिसायला लागलीये. ते कसब्यातून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत रोज सायकलने जायचे, त्यांना कोणी विचारलं नाही किती वेळा चालवता म्हणून. ती रोज दाराशीच उभी असायची.

जनगणनेचा एक आकडा बघून हसू आलं. २०११ ला देशात ४४.८ टक्के घरांत सायकल होती, आणि शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सायकलने कामावर जाणारे साधारण १३ टक्के. एक आकडा घरांचा, दुसरा माणसांचा, सरळ तुलना नाही होत हे मान्य, पण आमच्या पार्किंगमध्ये मी स्वतः मोजलंय. मोठ्यांच्या २३ सायकली. सीटवरून बोट फिरवलं, १९ ला बोट काळं झालं. स्वच्छ चार, त्यातली एक माझी, एक वॉचमनची, एक पेपर टाकणाऱ्याची, आणि एक खालच्या आजोबांची. वॉचमनची सायकल बिनगिअरची, साधा रबरी व्हॉल्व्ह, वारज्याहून रोज येऊन-जाऊन. धुळीतल्या एकोणीसपैकी बहुतेकांना गिअर आहेत.

नवीन हिशोब: ३०,२०० मध्ये अडॅप्टर, पंप, स्टँड, कॅरिअर, मडगार्ड धरून ३२,४१०. चकरा ७७. एका चकरेला ४२१. अजून महाग आहे पण उतरतंय, बायकोला दाखवलं तर ती म्हणाली पेट्रोलचे वाचलेले धर की. धरले नाहीत, कारण ते फार कमी निघाले आणि मूड गेला असता. गणपतीत रस्ते बंद असताना मात्र मी स्कूटरवाल्यांच्या बाजूने हातात धरून का होईना पुढे गेलो, त्याची किंमत वेगळी.

स्टार साडेतीन देतो. अर्धा त्या व्हॉल्व्हसाठी कापला, एक दुकानाच्या सिस्टिमसाठी. घेणार असाल तर आधी टायर दाबू नका, घरात ती कुठे उभी राहणार ते बघा, आणि अडॅप्टर तिथेच मागून घ्या, फुकट.

सोसायटीची नोटीस आलीये की दिवाळीआधी ज्या सायकलींवर फ्लॅट नंबर नसेल त्या भंगारवाल्याला जाणार. सेलोटेप घेऊन खाली चाललोय. त्या एकोणीसमधल्या एकीला पुढचं मडगार्ड चांगलं आहे, मालक कोण ते वॉचमनला विचारतो.