.22 सेमी-ऑटो घेताय? साफसफाईच्या बाजूने रुगर 10/22, मार्लिन 60 आणि एम अँड पी 15-22

अमेरिकेतले आपले बरेच जण रेंजवर जायला लागले की स्वतःची पहिली रायफल म्हणून .22 सेमी-ऑटो (छोट्या .22 काडतुसाची, ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते) बघतात, आणि बघताना किंमत, दिसणं, मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात हेच बघतात. साफ करायला कशी आहे ते कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते या प्रकारात पहिला प्रश्न तोच हवा.

त्याआधी एक गोष्ट, एच-वन-बी वगैरे व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे, ते आधी बघून घ्या.

आता घाण होते का ते. या रायफली साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्टला (काडतूस बसतं ती जागा, म्हणजे चेंबर, मागून बंद करणारा धातूचा ठोकळा) कुलूप नसतं, तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने पुढे टेकलेला असतो आणि गोळी सुटली की काडतुसाची रिकामी पुंगळीच त्याला मागे ढकलते. त्यामुळे गरम गॅस, काजळी, अर्धवट जळालेली पावडर सगळी मागे अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे बोल्टच्या यंत्रणेत येते. त्यात .22 ची गोळी शिशाची आणि वरून मेण किंवा ग्रीससारखं लुब्रिकंट लावलेली, ते काजळीत मिसळून चिकट काळा थर बसतो. बोल्टचा चेहरा, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची खाच आणि चेंबर, दुखणं इथेच असतं. पुंगळी अडकली, पुढची गोळी नीट चढली नाही की आधी इथे बघा. नळीला (बॅरलला) मात्र फार काही होत नाही, मऊ शिसं आहे, वेग कमी आहे. म्हणून बोल्ट आणि चेंबरपर्यंत हात किती सहज पोचतो यावर रायफल निवडा.

रुगर 10/22 ही 1964 पासून आहे, सुटे भाग कुठेही मिळतात. खोलायला बॅरल बँड (बॅरल धरून ठेवणारा पट्टा) सैल करायचा, स्टॉकचा (खांद्याला लावायच्या दस्त्याचा) एक स्क्रू काढायचा, सेफ्टीचं बटण अर्ध्यावर आणायचं (नाहीतर अ‍ॅक्शन स्टॉकमधून निघतच नाही आणि लोक उगाच ओढत बसतात), मग दोन पिना काढल्या की ट्रिगरचा अख्खा भाग हातात येतो. बोल्टला मागे थोपवणारी बोल्ट स्टॉप पिन सैल असते, आपोआप गळून पडते, खाली कापड अंथरा. बोल्ट काढणं सोपं, परत बसवताना चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) आणि स्प्रिंग एकदम दाबून धरावी लागते, सुरुवातीला वैताग येतो पण हाताला सवय होते. खरी खोट अशी की साध्या मॉडेलच्या रिसीव्हरला (बोल्ट ज्यात बसतो त्या सांगाड्याला) मागून भोक नाही, त्यामुळे नळी साफ करायचा रॉड तोंडाकडूनच घालावा लागतो. टेकडाउन मॉडेलमध्ये बॅरल सुटं होतं, तिथे हा प्रश्नच मिटतो, आणि बजेट असेल तर मी तेच घ्या म्हणेन.

मार्लिन मॉडेल 60 ही 1960 ची, बॅरलखाली नळीसारखं मॅगझिन, नेम छान लागतो आणि जुनी बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. स्टॉकमधून काढायला त्रास नाही, पण आतली रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी) लांब आणि नाजूक, बसवताना वाकली की गेली. मागच्या बाजूला बोल्टचा धक्का झेलणारा प्लास्टिकचा बफर असतो, तो वर्षानुवर्षांनी पिवळा पडून तडकतो, जुनी घेताना तो उघडून बघाच. पिना धरून ठेवणाऱ्या बारीक ई-क्लिपा उडून हरवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅगझिनची आतली नळी बाहेर काढली म्हणजे रायफल रिकामी झाली असं अजिबात धरू नका, एखादं काडतूस आत, चेंबरमध्ये चढायच्या वाटेवर राहू शकतं. नळी ओढून काढा, सुरक्षित दिशेला धरून बोल्ट बऱ्याच वेळा मागेपुढे करा, मग चेंबर डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. तपासणी तिन्ही रायफलींना हवीच, इथे जास्त काटेकोर.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी 15-22 सफाईत या दोघींच्या फार पुढे आहे. मागची पिन ढकलली की वरचा भाग उघडतो, बोल्ट स्प्रिंगांसकट एकत्र बाहेर येतो, पुसा, ब्रश मारा, परत सरकवा, झालं. रॉडही मागून जातो. रिसीव्हर पॉलिमरचा आहे, त्यामुळे प्लास्टिकला चालणारंच सॉल्व्हंट वापरा. पण काही राज्यांत तिच्या एआर-सारख्या (लष्करी धाटणीच्या एआर-15 रायफलीसारख्या) बांधणीवर आणि मॅगझिनवर निर्बंध आहेत.

म्हणजे दर आठवड्याला रेंजवर जाणार आणि खोलाखोलीचा कंटाळा असेल तर 15-22. एकच रायफल आयुष्यभर ठेवायची, भाग बदलत राहायचे, तर 10/22. मार्लिन ज्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन निवांत बसायला आवडतं त्यानेच घ्यावी, बाकीच्यांनी स्वस्त म्हणून घेऊ नये.

आता रॉड की दोरी. तोंडाकडून रॉड घालताना तो कडेला घासला तर क्राउन, म्हणजे नळीची शेवटची कड, खराब होते आणि नेम कायमचा बिघडतो. म्हणून मागून जाता येत नसेल तिथे मी पुल-थ्रूच्याच, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीच्या बाजूचा आहे, बोअर स्नेक (ब्रश गुंफलेली तयार दोरी) घ्या किंवा गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घ्या, एक टोक तापवून गोल करा, त्यात पॅच (कापडाचा छोटा तुकडा) अडकवा आणि चेंबरकडून तोंडाकडे ओढा. बोअर स्नेक मात्र धूत जा, नाहीतर जुनीच घाण परत आत फिरते. रॉडच वापरायचा तर अखंड, कोटिंगवाला आणि त्याला सरळ ठेवणाऱ्या गाइडसकट. ऑलिम्पिकमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्या स्पर्धेच्या .22 रायफली बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने ओढायच्या), बोल्ट मागून निघतो म्हणून तिथे रॉड सरळ मागून घालता येतो, ती सोय इथे धरून चालू नका. नळी रोज घासूही नका, नेम पांगायला लागला की दोनतीन पॅच पुरे, आणि सफाईनंतरचे पहिले काही नेम इकडेतिकडे गेले तरी घाबरू नका, मेणाचा थर परत बसला की जागेवर येतात.

तेल अगदी थोडं, बोल्टच्या घासणाऱ्या कडांना पुसटसं. जास्त तेल काजळी धरून ठेवतं आणि मिनेसोटासारख्या थंडीत घट्ट होऊन बोल्ट मंदावतो. सफाईला काडतुसं खोलीतच नकोत, खिडकी उघडी, हातात नायट्राइल ग्लोव्ह्ज, आणि किचन ओटा किंवा जेवणाचं टेबल तर मुळीच नको कारण त्या काजळीत शिसं असतं, घरात लहान मुलं असतील तर पॅच आणि चिंध्या पिशवीत बांधूनच बाहेर टाका.