८×४२ दुर्बीण: मूस बघायला ग्रुप घेऊन जाणाऱ्यांसाठी

कॅनडातल्या ऑन्टारिओच्या अल्गोंक्विन पार्कात मूस (हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी) बघायला जायचं ठरलं तेव्हा ही ८×४२, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची दुर्बीण घेतली. ग्रुपमधल्या बहुतेकांचा हट्ट १०×४२ चा होता. जितकं मोठं दिसेल तितकं बरं, हा त्यांचा हिशोब. वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत वापरून झाल्यावर माझं मत ठाम आहे: ग्रुपसाठी ८×४२ च.

मूस दिसतो तो बहुतेक वेळा पहाटे, नाहीतर अंधारून येताना. ४२ ला ८ ने भागा, डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिमीचा निघतो. १०× मध्ये तो ४.२ चा. आकडे किरकोळ वाटतात, पण स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांच्या दाटीत उभं असलेलं ते काळपट धूड आणि जळकं खोड यातला फरक अशाच वेळी कळतो. शिवाय नवख्याच्या हातातही चित्र फारसं हलत नाही.

आम्ही मेअखेर गेलो. हायवे ६० पार्कातून ५६ किमी जातो. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ कडेच्या चरांत उतरतं आणि त्या खारट पाण्यासाठी मूस अगदी रस्त्यापर्यंत येतात. म्हणजे दिसण्याची शक्यता भरपूर, आणि फोन पुढे धरून जवळ जाणाऱ्या हौशींचीही! दुर्बिणीने आमची मंडळी गाडीपाशीच थांबली. पाण्यातून डोकं वर काढल्यावर मादीच्या ओठांवरून निथळणारे थेंब, मानेवर बसलेल्या माश्या, सगळं तिथूनच दिसत होतं. त्या दिवसांत माद्यांबरोबर नवजात पिल्लं असतात. कान मागे पडले, वशिंडावरचे केस उभे राहिले की गप गाडीत बसायचं. ही लक्षणंही दुर्बिणीतून वेळेवर दिसतात.

आता तक्रारी. डायॉप्टरची कडी (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी) फारच सैल आहे. दुर्बीण चार हातांतून फिरली की प्रत्येकाला अंधुक दिसतं आणि 'कुठे आहे, कुठे आहे' सुरू होतं, तोवर मूस झाडीत. मी माझ्या नंबरापाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्यांना टेकणाऱ्या कडा) पूर्ण आत ढकलावेत, नाहीतर निम्मंच दृश्य दिसतं. आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतून वाफ धरत नाही. पण बाहेर थंड झालेली दुर्बीण हीटर लावलेल्या गाडीत नेली, की काचांवर बाहेरून धुकं बसतंच.

सगळ्यात वाईट गोष्ट चावऱ्या काळ्या माश्यांमुळे झाली. त्यांच्यासाठी डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम चोपडावं लागतं, आणि डीट प्लॅस्टिक-रबर खातं. एका बाजूचं आवरण अजून चिकट आहे. हात पुसूनच दुर्बीण धरायची, हा नियम ग्रुपला निघण्याआधीच सांगा.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माजाच्या दिवसांत, नर बघायला मिळतात, पण रंगीत पानांसाठी गर्दी इतकी की शनिवार-रविवार टाळा आणि परमिट आधीच ऑनलाइन काढा.

सहा-आठ जण असाल तर एक महागडी घेण्याऐवजी मध्यम किमतीच्या तीन घ्या. दोघांत एक जमते, चौघांत भांडणं होतात.