जिम्नीला दोन इंची लिफ्ट, कुडाळच्या गॅरेजचा अनुभव

मारुतीची पाच दारांची जिम्नी लिफ्ट करायची, म्हणजे स्प्रिंग-शॉक बदलून उंच करायची असेल आणि तुम्ही सिंधुदुर्गात असाल तर त्यासाठी घाट चढून कोल्हापूर-पुण्याला जायची गरज नाही, कुडाळला एमआयडीसीच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे, माणसं काम एकदम मनापासून करतात.

लिफ्ट कशाला, तर आमची आंब्याची कलमं देवगडच्या कातळावर आहेत आणि आत जायची वाट म्हणजे उघडा जांभा. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे हो, पण पाच दारांच्या गाडीचा व्हीलबेस २५९० मिमी, तीन दारांच्या जिम्नीपेक्षा ३४० मिमीने जास्त, त्यामुळे ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता किती उभा उंचवटा ओलांडता येतो तो कोन) २४ अंशच मिळतो आणि दगडाची पायरी चढताना पोट टेकतं.

मला आवडलं ते हे की पैशांचं बोलायच्या आधीच मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं, लिफ्टने बॉडी वर जाईल, डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गिअरचा) गोळा आहे तिथेच राहणार, कारण एक्सल सॉलिड आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा, गोळा वर न्यायचा तर टायरच मोठे घालावे लागतात. ही गोष्ट लिफ्टचं किट विकणारे सहसा बोलत नाहीत. मग विचारलं, "तुमी मागे किती वजन टाकतास?" सीझनला आंब्याच्या पेट्या, एरवी गाडी रिकामीच, म्हटल्यावर जड स्प्रिंग दाखवलेसुद्धा नाहीत, रिकाम्या गाडीला ते उडवतात.

कामाचं म्हणाल तर नुसते स्प्रिंग आणि शॉक बदलून गाडी हातात दिली नाही. उंची वाढली की पुढचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाच्या धुरीचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग भरकटतं, त्यासाठी तो कोन सुधारणारे करेक्शनचे रबरी बुश घातले, पॅनहार्ड रॉड (एक्सल डावीउजवीकडे सरकू न देणारा दांडा) अॅडजस्टेबल लावून एक्सल परत मधोमध आणला, ब्रेकचे होस (रबरी नळ्या) चाक पूर्ण लोंबकळवून ताणले जातात का बघितलं, हेडलाइटही खाली केली. आणि एक्सलला चासीशी जोडणाऱ्या आर्मचे बोल्ट जॅकवर फक्त हाताने लावून ठेवले, हाताखालचा मुलगा पाना घेऊन पुढे आला तर मिस्त्री ओरडले, "आताच आवळूचे नाय, गाडी खाली येवंदे!" चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन बसल्यावरच आवळले, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतात. एवढी काळजी घेणारा माणूस मिळाला की जीव भांड्यात पडतो.

खाऱ्या हवेने मागचा एक बोल्ट पार धरला होता, ग्राइंडरने कापावा लागला, नव्याला ग्रीस लावूनच बसवला.

आता ताशी १०० किमीच्या आतबाहेर मुंबई-गोवा हायवेला गाडी सरळ जाते, कातळावर पोट लागत नाही. वळणांवर मात्र आधीपेक्षा जास्त झुकते, करूळ घाटात वेग कमीच ठेवा.

तक्रारी दोन. दिलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही आणि बिलात लेबर एकरकमी लिहिलंय, कशाचं किती कळत नाही, त्यामुळे आधीच कागदावर लिहून घ्या. चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन तिथे नाही, ते दुसरीकडे करावं लागतं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना किट घ्यायच्या आधी विचारा, नंतर नको.