हार्टबीटचा भार कमी करायचाय: लस्टर, एचडीएफएस आणि सेफमध्ये काय करावं?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कास्टिंग सिम्युलेशनसाठी वीस-पंचवीस मशिनं असतील, तर मूळ सेटिंगला हात लावू नका. पण राजारामपुरीत बसून बाहेरगावचा हजारो मशिनांचा क्लस्टर सांभाळत असाल, तर 'मी जिवंत आहे' एवढंच सांगणारे निरोप, म्हणजे हार्टबीट, सर्व्हरचा चांगलाच वेळ खातात. ते कसे कमी करायचे, हे अनेक मशिनांवर डेटा पसरवून ठेवणारी तुमची फाइल सिस्टीम कोणती (लस्टर, एचडीएफएस की सेफ) यावर ठरतं.

सगळ्यात जास्त त्रास लस्टरमध्ये. मूळ सेटिंगवर प्रत्येक रिकामा क्लायंट (फाइली वापरणारं मशिन) जोडलेल्या प्रत्येक टार्गेटला (सर्व्हरवरच्या साठवणीच्या भागाला) दर 25 सेकंदांनी पिंग करतो, म्हणजे हार्टबीट पाठवतो. 100 क्लायंट आणि 40 टार्गेट असतील, तर सेकंदाला 160 पिंग. हे खिजगणतीतही नाही. 10,000 क्लायंट आणि 1,000 टार्गेट झाले की तोच आकडा सेकंदाला 4 लाख होतो.

यावर दोन वाटा आहेत. एक, सर्व्हरवर 'सप्रेस पिंग्ज' लावून पिंग थांबवायचे. ट्रॅफिक जवळपास संपतो, पण क्लायंट मेला हे सर्व्हरला आपणहून कळत नाही. समजा, एका नोडने (मशिनने) फाइलचं लॉक (ती वापरण्याचा हक्क) घेतलं आणि तेवढ्यात त्याची वीज गेली. दुसऱ्याने ती फाइल मागितली की सर्व्हर मेलेल्या नोडला 'लॉक सोड' म्हणतो आणि टाइमआउट होईपर्यंत उत्तराची वाट बघतो. तोवर मागणाऱ्याची कमांड नुसती लटकते. मशिनांची अख्खी रॅक बंद पडली तर हेच कितीतरी फाइलींवर होणार. म्हणून जॉब शेड्युलर (मशिनांना कामं वाटणारा प्रोग्रॅम) किंवा देखरेखीचं दुसरं साधन मेलेल्या नोडची बातमी लगेच सर्व्हरला देणार असेल, तरच ही वाट धरा. दुसरी वाट 'आयडल टाइमआउट'ची: काम नसलेलं डेटा टार्गेटचं कनेक्शन क्लायंट स्वतःच तोडतो आणि गरज पडली की पुन्हा जोडतो. नव्या आवृत्त्यांत ही सोय आहे. मी आधी हीच वापरेन, कारण यात मेलेला नोड ओळखण्याची जबाबदारी आपल्या अंगावर येत नाही.

एचडीएफएसमध्ये डेटानोड (डेटा ठेवणारं मशिन) दर 3 सेकंदांनी हार्टबीट पाठवतो आणि 10 मिनिटं 30 सेकंद गप्प राहिला तर मृत ठरतो. अंतर 10 सेकंद केलं तर ही मुदत 11 मिनिटं 40 सेकंद होते, म्हणजे तिथे फारसं बिघडत नाही. पण ब्लॉक (फाइलचा तुकडा) कॉपी करा, काढून टाका हे नेमनोडचे (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरचे) हुकूम हार्टबीटच्या उत्तरातूनच जातात, ते मात्र रेंगाळतात. खरा भार दर 6 तासांच्या पूर्ण ब्लॉक रिपोर्टचा (डेटानोडकडे कोणते ब्लॉक आहेत याच्या यादीचा) असतो. नेमनोड रीस्टार्ट केला की सगळे रिपोर्ट एकदम येऊन कोसळतात, तेव्हा 'इनिशियल डिले' (पहिल्या रिपोर्टआधीचा उशीर) लावून ते पसरवा. हार्टबीटशी खेळण्यापेक्षा फायदा इथे जास्त.

सेफची रचनाच वेगळी आहे. ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्रॅम) एकमेकांना साधारण 6 सेकंदांनी तपासतात, आणि शेजारी 20 सेकंद गप्प राहिला तरच मॉनिटरकडे (क्लस्टरच्या स्थितीची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) तक्रार जाते. तीही वेगवेगळ्या होस्टवरच्या (मशिनांवरच्या) दोघांनी केली, तरच मानली जाते. त्यामुळे मॉनिटरवर भार मुळातच कमी. अंतर 15 सेकंद करून मुदत 20 वरच ठेवलीत, तर एखादा पिंग हुकला तरी धडधाकट डिस्क 'डाऊन' दिसेल. वाढवायचं तर दोन्ही मिळून वाढवा.

लस्टरवर पिंग थांबवायचंच ठरलं, तर आधी चाचणी क्लस्टरवर एका क्लायंटला फाइलवर लिहायला लावून त्याची नेटवर्क केबल काढा. दुसऱ्या क्लायंटवर तीच फाइल किती वेळाने उघडते ते मोजा, आणि तेवढं थांबणं तुमच्या वापरकर्त्यांना चालेल का, हे त्यांनाच विचारा.